जागा आहे, पण बुक आहे

गेटचा दांडा वर जाईना. पहिल्या ट्रॅक्टरवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, मग इंजिन बंद केलं आणि खाली उतरून तंबाखू मळत उभा राहिला. त्याच्या मागे दुसरा, तिसरा, आणि रांगेचं शेपूट पार गडचिरोली रोडला लागलेलं. ट्रॉल्यांमध्ये धान, अर्ध्या ट्रॉल्यांवर ताडपत्री नाही, आणि वर आभाळ भरून आलेलं. गेटच्या खोलीतल्या स्क्रीनवर ते छोटं चाक नुसतं गोल गोल फिरत होतं. मला त्या चाकाचा इतका राग आला की मी स्क्रीनकडे पाठ करून उभी राहिले.

सावलीच्या मिलचे मॅनेजर हेमराजभाऊ माझ्याकडेच पाहत होते. माणूस मोठा, साठीच्या जवळचा, आवाज कधी चढवणार नाही. "बाई, मागच्या साली असं नव्हतं होत," एवढंच म्हणाले.

मागच्या साली काय काय होत होतं, ते मला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ होतं. पण समोर ट्रॅक्टर उभे असताना ते उगाळत बसायची वेळ नव्हती. मी चंद्रपूरला साजिदला फोन लावला. तो एंगेज. परत लावला. परत एंगेज. गेटच्या चौकीदारानं माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. मी म्हटलं, भाऊ, राहू द्या, आता बसवणार नाही माझ्याच्यानं.

साजिदचा फोन लागेपर्यंत, हा सगळा मामला काय आहे ते सांगून टाकते.

मी आयटीवाली. धान विकत घेऊन तांदूळ करणाऱ्या एका कंपनीत आयटी डिपार्टमेंट सांभाळते. हेड ऑफिस चंद्रपूरला, राइस मिल सावलीला आणि आसपास दोन-तीन ठिकाणी, गडचिरोलीला गोडाऊन, आणि कुरखेड्याला धानासोबत मोह, हिरडा असा जंगलाचा माल घेणारं केंद्र. डिपार्टमेंट म्हणायला डिपार्टमेंट, माणसं मोजून चार. त्यातला साजिद म्हणजे आमचा सिस्टिम ॲडमिन. मशिनींची सगळी देखभाल त्याच्याकडे.

आधी आमच्याकडे प्रत्येक युनिटचा आपापला सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे कधीच बंद न करायचा मोठा कॉम्प्युटर, ज्याच्यावर बाकीचे कॉम्प्युटर विसंबून असतात. सावलीचा सर्व्हर बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या खोलीत, एका कपाटात. उघडला की आतून ओंजळभर कोंडा निघायचा. कुरखेड्याच्या सर्व्हरची तर रोज सकाळी पूजा व्हायची, आणि उदबत्तीची राख पंख्यात. सीझनच्या तोंडावर कुठला ना कुठला सर्व्हर मान टाकायचाच. मग साजिद बॅग घेऊन एसटीत बसायचा आणि मी इकडे फोनवर शिव्या खायची.

म्हणून आम्ही प्रायव्हेट क्लाऊड केला. नाव भारी आहे, गोष्ट साधी आहे. आमच्या गावात लग्नाची मोठी भांडी कोणी आपल्या घरी ठेवत नाही. गंज, पराती, झारे सगळं देवळाच्या खोलीत ठेवलेलं असतं. ज्याच्या घरी कार्य असेल तो नेतो, काम झालं की घासून परत आणून ठेवतो. तसंच आम्ही चंद्रपूरला एका थंडगार खोलीत चांगले दणकट सर्व्हर लावले आणि युनिटवाल्यांना सांगितलं, तुमच्या कपाटातलं भंगार काढून टाका, लागेल तेवढी ताकद इथून घ्या. सर्व्हर कंपनीचेच, खोली कंपनीचीच, म्हणून प्रायव्हेट.

मोठ्या सर्व्हरच्या पोटातला जो वाटा एका युनिटला मिळतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. दिसायला काही नाही, पण ती स्वतंत्र कॉम्प्युटरसारखी काम करते. आधी असा एक कॉम्प्युटर मागायचा तर अर्ज, कोटेशन, सह्या, खरेदी कमिटी. मागणारा मागून थकायचा. आता आम्ही पोर्टल दिलं. पोर्टल उघडा, किती मोठी मशीन पाहिजे ते निवडा, बटन दाबा. चहा सांगितला तर चहा यायच्या आत मशीन तयार. याला आमच्या धंद्यात सर्व्हिस मॉडेल म्हणतात. म्हणजे युनिटनं वस्तूची मालकी ठेवायची नाही, सेवा घ्यायची.

हे मी लिहिते आहे तितक्या सहज झालं नाही. लोकं आपला सर्व्हर सोडायला तयारच होत नव्हते. मी स्वतः प्रत्येक युनिटला गेले आणि तोंडानं वचन दिलं, की एकदा दिलेली मशीन तुमची. तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही तिला हात लावणार नाही. तुम्ही स्वतः 'सोडा'चं बटन दाबलं तरच ती जाईल. जाणकार वाचक म्हणतील, बाई, एकाच जागेत दोघांना बसवायच्या युक्त्या असतात की. असतात. पण आम्ही वचन दिलं होतं म्हणून ज्याचा वाटा त्याच्यासाठी पक्का राखून ठेवत होतो. या एका वचनावर कपाटं उघडली गेली. कुरखेड्याच्या लोकांनी जुन्या सर्व्हरला शेवटचा नारळ फोडून निरोप दिला, तेव्हा मी तिथंच होते.

आता मोहरील सर. आमचे डायरेक्टर. त्यांना आमचं हे कधी पटलंच नाही. त्यांच्या मते आयटी म्हणजे कँटीनसारखं, बाहेरच्याला देऊन टाकावं. हैदराबादची एक कंपनी त्यांच्याकडे खेटे घालत होती. सीझन सुरू व्हायच्या आधी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की धानाचा सीझन गेट न थांबता पार पडला तर डिपार्टमेंट राहील, नाही तर हैदराबाद. मी विचारलं, आणि माझी माणसं? ते म्हणाले, "ज्यांना जायचं असेल त्यांना तिकडे घेतील."

मी काय, माझी नोकरीची वर्षं सरत आली. माझं जाऊ द्या. पण साजिदचं लग्न ठरलेलं. मुलगी गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात नर्स, पक्की नोकरी, आणि ती काही सोडून हैदराबादला जाणारी नव्हती. तिनं कशाला सोडावी? साजिद इथं जवळ, चंद्रपुरातच राहणार म्हणून तर तिच्या घरच्यांनी हो म्हटलं होतं. साजिदनं पुण्याची एक नोकरी याच्याचसाठी नाकारली होती. त्यामुळे गेट थांबलं तर नुसतं गेट थांबणार नव्हतं, पोराचं ठरलेलं घर मोडायला आलं होतं. हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, आणि आम्ही दोघं त्याविषयी एक अक्षर बोलत नव्हतो.

आणि आता गेट थांबलं होतं.

शेवटी साजिदचा फोन लागला. म्हणाला, "मॅडम, गेटचं ॲप दुसरी मशीन मागून राह्यलं आणि क्लाऊड नाही म्हणून राह्यला."

हे जरा समजावून सांगते. गेटचं ॲप प्रत्येक गाडीला टोकन देतं, धानाचा ओलावा घेतं, काट्यावरचं वजन उचलतं आणि बारीक धान कुठल्या गोडाऊनला, ठोकळ म्हणजे जाडं कुठल्या, ते ठरवतं. एरवी एका मशीनवर त्याचं भागतं. गर्दी झाली की ते आपोआप दुसरी, तिसरी मशीन घेतं आणि गर्दी ओसरली की परत करतं. क्लाऊडचा सगळा फायदाच तो. त्या दिवशी आभाळ पाहून सगळ्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी ट्रॅक्टर काढले, सगळ्याच मिलवर. ॲपनं दुसरी मशीन मागितली आणि त्याला जागाच मिळाली नाही.

मी म्हटलं, जागा नाही कशी? क्लाऊडच्या उद्घाटनाच्या वेळी अर्धे सर्व्हर रिकामे होते.

"जागा आहे मॅडम, पण बुक आहे," साजिद म्हणाला. "मशिनी बनून ठेवल्या आहेत. चालू आहेत, पण आत काहीच नाही. सगळ्या खाली."

मी म्हटलं वाच नावं. तो वाचू लागला. अकाउंट्सची नवीन, अकाउंट्सची राखीव. गोडाऊनची 'लागल्यास'. कुरखेड्याची मोह-पुढचा. काही नावं तर नुसती अआइई. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मग तो म्हणाला, सावलीच्या तीन. मी विचारलं, सावलीच्या कोणाच्या? म्हणाला, हेमराजभाऊंच्या.

हेमराजभाऊ माझ्या बाजूलाच उभे होते. बाहेरून लोकांचा कल्ला वाढत होता. एक जण ओरडत होता की दाणा भिजला तर उद्या तुम्हीच ओला म्हणून परत पाठवाल. बरोबरच होतं त्याचं. हेमराजभाऊंनी ओळखीच्या गाड्यांना हातानं पावत्या फाडून ठेवायला सुरुवात केली होती, पण बारीक आणि ठोकळ एकत्र झालं तर पूर्ण गोडाऊन खराब, म्हणून एकेका गाडीला त्यांचा जीव जात होता. मी त्यांना बाजूला घेतलं आणि विचारलं, की भाऊ, तुमच्या नावावर तीन रिकाम्या मशिनी काऊन आहेत?

त्यांनी नजर चुकवली नाही की काही नाही. "हाव, ठेवल्या आहेत जी," म्हणाले. "लागन तर लागन म्हणून."

"लागल्यावर मागायच्या ना! बटन तर दिलं आहे तुम्हाला."

"बाई, तुम्ही मूल गावच्या एसटी स्टँडवर कधी उभ्या राह्यल्या का सणाच्या दिवशी? गाडी आली का पहिले खिडकीतून रुमाल टाकते माणूस. बसाचं असो का नसो. काऊन का दुसरी गाडी येईन का नाई, कोणाले ठाव? म्या एक सर्व्हर मागतला होता, तो आला तवा ज्या कामाले पाहिजे होता ते कामच सरून गेलं होतं. आता तुम्ही बटन देल्लं, तर म्या रुमाल टाकून ठेवला."

रागही येत होता आणि हसूही. ज्या गेटसाठी हा माणूस माझ्यासमोर घाम गाळत होता, त्या गेटची जागा यानंच अडवून ठेवली होती. आणि एकट्यानं नाही. आमच्या कंपनीतल्या झाडून सगळ्यांनी रुमाल टाकले होते. मी इतकी भाषणं दिली, स्लाईड दाखवल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, घरी गेले आणि पहिलं काम हेच केलं. गाडी भरलेली आणि आत माणूस एक नाही.

मी म्हटलं, भाऊ, सोडा मग आता. ते म्हणाले, आधी गेट सुरू करा, मग सोडतो. मी म्हटलं, तुम्ही सोडल्याशिवाय गेट सुरू होत नाही. ते परत पावत्यांकडे वळले. बाहेर हॉर्न. मी परत खोलीतून बाहेर, बाहेरून आत. चौकीदारानं खुर्ची माझ्या मागे मागे हलवायला सुरुवात केली होती, त्याच्यावरच मी चिडले. मग वाईट वाटलं, म्हणून बसले, आणि लगेच उठले.

साजिद फोनवर होताच. हळूच म्हणाला, "मॅडम, माझ्या हातात आहे. सगळ्या खालीवाल्या बंद करून टाकू का? दोन मिनिटांचं काम."

खरं सांगते, ओठांवर 'कर' आलं होतं. आमच्या धंद्यात ही रीतच आहे, की बंद करून पाहायचं, कोण ओरडतं ते. ज्याचं कोणी ओरडलं नाही ती मशीन फालतू. पण मी एकेका युनिटला जाऊन वचन दिलेलं. आज विचारल्याशिवाय बंद केल्या तर उद्या प्रत्येक जण म्हणेल, पाहा, म्हटलं नव्हतं! परत कपाटात सर्व्हर, परत कोंडा, परत उदबत्ती. आणि मग हैदराबादची गरजच नाही, आमचं डिपार्टमेंट आपोआपच गेलं. मी म्हटलं, नको. एकेकाला फोन लावते.

अकाउंट्सवाले म्हणाले, ऑडिट आलं तर? गोडाऊनवाले साहेब मीटिंगमध्ये. मग कुरखेड्याचे उसेंडीभाऊ. फोन स्पीकरवर होता, हेमराजभाऊ पावत्या फाडता फाडता ऐकत होते. उसेंडीभाऊ फार गोड माणूस. म्हणाले, "राहू द्या ना जी मॅडम, मोहाच्या टायमाले लागते." मी म्हटलं, मोहाला अजून कितीतरी महिने आहेत. म्हणाले, हाव, पण टायमावर भेटली नाई तर?

मला एकदम सुचलं. मी म्हटलं, भाऊ, माझ्यावर एक उपकार करा. मशीन सोडा आणि लगेच परत मागा. मी फोन धरून आहे. नाही मिळाली तर मला वाट्टेल ते बोला. ते बिचकले, पण त्यांनी बटन दाबलं. मशीन गेली. साजिदला मी दुसऱ्या फोनवर सांगितलं, ॲपला मिनिटभर रोखून धर, आधी यांची मागणी जाऊ दे. उसेंडीभाऊंनी मागितली. आम्ही सगळे कान लावून. थोड्या वेळात तिकडून आवाज आला, "अरे, आली ना जी!" असा आनंद की विचारू नका.

मी म्हटलं, पाहिलं ना? आता सोडून द्या.

तर म्हणाले, "आता आलीच आहे तर राहू द्या."

मी कपाळाला हात लावला. पण बाजूला टर्रकन पावती फाडायचा आवाज थांबला होता. हेमराजभाऊ पेन खाली ठेवून फोनकडे पाहत होते. त्यांनी मला विचारलं, खरंच आली का परत? मी म्हटलं, तुमच्या कानांनीच ऐकलं तुम्ही. खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले, चष्मा लावला, पोर्टल उघडलं आणि एकेक करून दोन मशिनी सोडल्या. तिसरी नाही सोडली. "एक राहू द्या बाई," म्हणाले. मी एका शब्दानंही वाद घातला नाही. तिकडे उसेंडीभाऊंनाही काय वाटलं कोण जाणे, त्यांनी परत फोन करून सांगितलं की सोडली म्हणून.

दांडा वर गेला. पहिला ट्रॅक्टर आत आला. लोकांनी टाळ्या वगैरे काही वाजवल्या नाहीत, एकानं नुसती शिवी हासडली आणि ट्रॅक्टरवर चढला. चार-पाच गाड्या गेल्या आणि चाक पुन्हा फिरायला लागलं. छोट्या मशिनी सुटल्या होत्या, त्या पुरणार नव्हत्या. सगळ्या मिलवरची गर्दी एकाच ॲपवर होती. वाऱ्याला ओला वास यायला लागला होता.

मी साजिदला म्हटलं, मोठी कोणती आहे ते सांग. एकच मोठी सुटली तरी काम होईल.

तिकडे नुसता कीबोर्ड खडखडत राहिला.

"साजिद?"

"मॅडम, एक आहे. सगळ्यात मोठी. पण ती सरांची आहे."

"कोणत्या सरांची?"

"मोहरील सरांची. हैदराबादवाल्यांच्या ट्रायलसाठी बनवली. मीच बनवून दिली. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

आमची जागा घ्यायला येणाऱ्या कंपनीसाठी आमच्याच क्लाऊडमधला सगळ्यात मोठा वाटा, आणि तो कापून दिला कोणी, तर साजिदनं. स्वतःच्या हातानं. इतके दिवस तो माझ्यासमोर बसून डबा खात होता आणि हे पोटात ठेवून होता. मला त्याचा राग यायला हवा होता. नाही आला. फार वाईट वाटलं. मी विचारलं, चालू आहे का त्यात काही? म्हणाला, काहीच नाही, ते लोक अजून आलेच नाहीत. खालीच पडली आहे.

मी मोहरील सरांना फोन लावला. त्यांनी उचलला. मी सरळ सांगितलं की सावलीचं गेट थांबलं आहे, जागा कमी पडते आहे, आणि तुमच्या नावावर एक मोठी मशीन रिकामी आहे. मला कसं कळलं, ते त्यांनी विचारलं नाही.

"असू द्या ती," म्हणाले. "पुढे लागेल."

मी तर थक्कच झाले. डायरेक्टर असो की उसेंडीभाऊ, शब्द तोच. मी म्हटलं, सर, ट्रॅक्टर रोडवर उभे आहेत, पाणी येण्यासारखं आहे. धान भिजलं तर दोष मिलला लागेल, आणि मग तुम्ही कोणालाही आणा, शेतकरी पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या दारात जाईल. ते म्हणाले, "मग करा ना तुम्ही बंद. ॲडमिन तुम्हीच आहात. मला विचारायला कशाला फोन केला?"

"सर, ज्याची मशीन, त्यानंच सोडायची. उसेंडीभाऊंना विचारलं, हेमराजभाऊंना विचारलं. तुम्हालाही विचारावंच लागेल."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी गेटवर जाऊन लोकांना सांगते की आज घेत नाही, परत जा. आणि तसं तुम्हाला कळवते."

हेमराजभाऊ दारात पाठ करून उभे होते, ऐकत नसल्यासारखे. मोहरील सरांनी खाकरल्यासारखं केलं आणि विचारलं, ते पोर्टल उघडतात कुठून? कधी उघडलंच नव्हतं त्यांनी. मशीन सांगितली होती तोंडानं आणि साजिदकडून पासवर्डची चिठ्ठी घेतली होती. ती चिठ्ठी शोधण्यात वेळ गेला. मग मी फोनवरून एकेक पायरी सांगत गेले, डावीकडे पाहा सर, खाली या सर, अजून खाली. डायरेक्टर माणसाला 'खाली या' म्हणताना मला त्या गडबडीतही कसंसंच झालं.

"'सोडा' असं लिहिलं आहे," ते म्हणाले.

"तेच, सर."

"आणि मला परत लागली तर?"

"तर परत मागा. तुमचा चहा यायच्या आत मिळेल. साजिद देतो."

साजिदचं नाव मी मुद्दाम घेतलं. त्याच्यापुढे काही जोडलं नाही. नंतर माउसचा बारीकसा टक आवाज आला आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

गेट सुरू झालं ते मग थांबलं नाही. ॲपनं ती जागा गपकन घेतली. पाऊस आला, पण शेवटच्या गाड्या शेडखाली घेतल्यावर आला. दोन ट्रॉल्या भिजल्या. त्या हेमराजभाऊंनी वेगळ्या वाळवायला घेतल्या आणि परत पाठवल्या नाहीत. मग कुठं मी चौकीदाराच्या खुर्चीवर बसले.

त्यानंतर आम्ही सगळ्या युनिटना विचारून नियम बदलला. आता मशीन घेताना किती दिवसांसाठी ते सांगावं लागतं. दिवस संपत आले की मालकाला मेल जातो, अजून लागते का? हो म्हटलं की राहते, कारण विचारत नाही. उत्तर आलं नाही तर मशीन झोपते, म्हणजे जागा सोडून नुसती बंद पडून राहते, आणि नंतर जाते. मुख्य म्हणजे परत मागितली की परत मिळते, आणि ती मिळाली पाहिजे यासाठी साजिद अक्षरशः जीव टाकायचा. कोणी मागणी टाकली की तो जेवण सोडून उठायचा. पहिले काही आठवडे लोक नुसती परीक्षा पाहायला सोडायचे आणि मागायचे. आम्ही देत राहिलो. हळूहळू मागणं कमी झालं. मी सगळ्या स्लाईड दाखवून जे शिकवू शकले नव्हते ते असं झालं. लोकं वस्तू धरून ठेवतात ते हावरट असतात म्हणून नव्हे, आधी कोणीतरी त्यांना ताटकळत ठेवलेलं असतं म्हणून. हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मला सांगितलं गेलं नव्हतं.

सीझन संपल्यावर मोहरील सरांनी रिव्ह्यू घेतला. गेट थांबलं होतं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, थांबलं होतं. का थांबलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. डिपार्टमेंटचं काय, यावरही अवाक्षर नाही. पुढच्याच आठवड्यात पोर्टलवर त्यांची मागणी आली. मोठी मशीन, ट्रायलसाठी, महिनाभर. या वेळी स्वतः टाकलेली. साजिदनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी म्हटलं, नियमाप्रमाणे दे. त्यानं दिली, मिनिटभरही उशीर न करता. मग उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

तो महिना कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. हैदराबादची माणसं आली, कॉन्फरन्स रूममध्ये बसली, आमच्याच क्लाऊडवर काय काय करून गेली. काही अडलं की साजिदलाच बोलवायचे. तो जायचा, करून द्यायचा. मी जेवता जेवता त्याच्या तोंडाकडे पाहायची आणि तो डब्याकडे पाहायचा.

महिना संपत आला तसा नियमाप्रमाणे सरांना मेल गेला. तुमची मशीन, अजून लागते का? उत्तर नाही. दुसरा मेल गेला. उत्तर नाही. मशीन झोपली. मी रोज सकाळी आल्या आल्या पाहायची, कोणी उठवायला सांगतं का. कोणी सांगितलं नाही. हैदराबादवाल्यांचं पुढे काय झालं, ते मला आजपर्यंत कोणी तोंडानं सांगितलेलं नाही. मोहरील सर व्हरांड्यात भेटले की मान हलवतात, एवढंच.

मशीन कायमची काढून टाकायचा दिवस आला तेव्हा साजिद लग्नाच्या रजेवर होता. म्हणून ती मीच काढली.